कर्त्याची रिकामी जागा

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या हातून कामावर एक चूक झाली.

हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलं आहे. पुढचा सगळा लेख या एका वाक्याबद्दल आहे, म्हणून ते आधी जसं तोंडात येतं तसंच लिहून ठेवलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या टीमचं काम इटलीतल्या एका ग्राहकासाठी चालतं. बिलं तयार करणारी एक जुनी प्रणाली आम्ही नव्या डेटाबेसवर हलवत होतो. एका रात्री मी एक स्क्रिप्ट चालवली. ती आधी एकदा चालून गेली आहे की नाही, हे तपासणारी ओळ मी त्यात लिहिलीच नव्हती. स्क्रिप्ट दोनदा चालली आणि सकाळी शेकडो लोकांच्या इनबॉक्समध्ये एकाच महिन्याची दोन-दोन बिलं जाऊन पडली.

दुपारपर्यंत सगळं निस्तरलं. मग अहवाल लिहायचा होता. मी लिहिला. त्यात होतं: स्क्रिप्ट दोनदा चालवली गेली, पडताळणी राहून गेली, बिलं दुबार पाठवली गेली. चार परिच्छेदांचा अहवाल, आणि त्यात माणूस एकही नाही. वाचणाऱ्याला वाटावं की आमच्या कचेरीत रात्री यंत्रंच एकमेकांशी बोलत बसतात.

दोन दिवसांनी बैठक झाली. कुणीतरी विचारलं, "त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं?" ड्यूटीवर आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा होता, कामाला लागून त्याला चारच महिने झाले होते. स्क्रिप्ट त्याची नव्हती, चालवलीही त्याने नव्हती. पण सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळली आणि तो लाल झाला. मी बोललो, पण लगेच नाही. मध्ये चार-पाच सेकंद गेले. त्या सेकंदांत मला जे कळलं ते असं: वाक्यातली कर्त्याची जागा रिकामी ठेवली, तरी ती रिकामी राहत नाही. जवळ जो दुबळा माणूस असेल, त्याला तिथे बसवलं जातं.

*

इटालियन मी थोडंफार शिकतो आहे. सुरुवात ग्राहकाकडच्या लोकांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून केली, नंतर व्याकरणाचा नाद लागला. इटालियन भाषेत 'सी' नावाचा एक चिमुकला शब्द आहे. तो क्रियापदाआधी लावला की कर्ता नाहीसा होतो. 'सी दीचे' म्हणजे 'असं म्हणतात'. 'सी मांजा बेने' म्हणजे 'इथे छान खायला मिळतं', खाणारा कोण ते विचारायचं नाही. शिवाय 'प्योवे' आहे. या एका शब्दात पूर्ण वाक्य होतं: पाऊस पडतो आहे. आपण निदान पावसाला तरी कर्ता करतो. इटालियनमध्ये तोही नाही.

हे शिकताना मला ताडकळसची शाळा आठवली. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात. शाळेत सरांनी फळ्यावर तीन प्रयोग लिहिले होते, कर्तरी, कर्मणी, भावे. आम्ही ते पाठ केले, परीक्षेत गुण घेतले आणि विसरलो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं आणि मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं, एवढं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मित्रांमुळे ठाऊक होतं. पण या प्रयोगांशी आपल्या जगण्याचा काही संबंध असेल, असं तेव्हा कधी वाटलं नाही.

आता वाटतं. मराठीतही अस्सल कर्ताहीन क्रियापदं आहेत. 'उजाडलं', 'सांजावलं', 'गडगडतंय', 'मळमळतंय'. व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. इथे क्रियेचा भाव हाच कर्ता. 'उजाडलं' म्हटल्यावर 'कुणी उजाडलं?' असं कुणी विचारत नाही. आणि नीट पाहिलं तर या क्रियापदांत लबाडीला जागाच नाही. पहाट कुणी केलेली नसते. पोटात मळमळतं तेही कुणी ठरवून केलेलं नसतं. जिथे कर्ता नाहीच, तिथे भाषा कर्ता दाखवत नाही. यात खरेपणा आहे.

मग माझ्या अहवालातली वाक्यं कोणत्या जातीची? 'चूक झाली' हे वाक्य घ्या. ते कर्ताहीन वाटतं, पण नाही. 'झाली' हे क्रियापद स्त्रीलिंगी आहे, कारण 'चूक' स्त्रीलिंगी आहे. म्हणजे व्याकरणाने पाहिलं तर या वाक्यात कर्ता आहे आणि तो आहे चूक. मी उठून गेलो आणि माझ्या खुर्चीत चुकीलाच बसवून गेलो. ती स्वतःहून आली, स्वतःहून झाली.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. मी लबाडी केली, कबूल करावी, प्रश्न मिटला. पण त्या दिवाळीत मी गावी गेलो आणि प्रश्न अवघड झाला.

*

आमच्या घरात एक वाक्य आहे: 'ते शेत विकलं गेलं.'

२०१४ साली मी बारावी झालो आणि पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. ते वर्ष मराठवाड्यात कोरडं गेलं, पुढचं त्याहून कोरडं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तोच हा काळ. आमच्याकडे सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. फी, वसतिगृह, मेस हे सगळं त्या सोयाबीनमधून निघणं शक्य नव्हतं. ओढ्याकडची दोन एकर जमीन गेली. त्यानंतर त्या जमिनीचा विषय निघाला की पप्पा एवढंच म्हणतात, "ते गेलं इकलं." 'मी विकलं' असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही. 'तुझ्यासाठी विकलं' हे तर कधीच नाही.

मी बराच काळ याला पप्पांचा मोठेपणा समजत आलो, आणि तो मोठेपणा आहेच. एखाद्या बापाने दर सणाला लेकराला ऐकवलं असतं. पप्पांनी व्याकरणाचा एक आडोसा उभा केला आणि त्यामागे माझं ऋण झाकून ठेवलं. मी माझ्या अहवालात जे केलं, बांधणीने तेच पप्पांनी केलं. पण मी स्वतःला वाचवायला केलं, त्यांनी मला वाचवायला. औजार एकच, काम उलट.

म्हणून गेल्या दिवाळीपर्यंत माझं मत असं झालं होतं की, कर्ता लपवणं हे मुळात वाईटही नाही आणि चांगलंही नाही. कुणाचं भलं करायला लपवला, यावर ते ठरतं. हे मत मला आवडायचंही, कारण त्यात पप्पा आपोआप बरोबर ठरत होते.

भाऊबीजेला आत्या आल्या नाहीत. तब्येत बरी नाही, असं कळवलं होतं. जेवताना मी सहज विचारलं, "ओढ्याकडची जमीन आजोबांच्या नावची होती ना? मग आत्यांचाही वाटा असेल त्यात." आईने ताटाकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, "त्यांची सही झाली होती की."

सही झाली होती.

*

आजोबा २००९ साली वारले. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५पासून दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच तशी दुरुस्ती केली होती, पण तिच्यात अगोदर लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, वडील २००५ साली हयात होते की नव्हते यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. कायदा आत्यांच्या बाजूने होता. पण आमच्याकडे, आणि आमच्याच काय, गावोगाव, कायद्यानंतर एक दुसरा कागद येतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहीण सही करते, फेरफार होतो, सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं. बदल्यात तिला साडीचोळी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. न केली तर काय होतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

त्या कागदाची भाषा पाहिली आहे का तुम्ही? नोंद घेण्यात आली. नाव कमी करण्यात आलं. सरकारी मराठीला 'करण्यात येत आहे'ची सवय इतकी जुनी आहे की, आपल्याला ती आता ऐकूही येत नाही. खेड्यातल्या माणसाचं अर्धं आयुष्य या वाक्यांपुढे उभं राहण्यात जातं. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' कुणी केला, कुणाला जाऊन विचारायचं, हे त्या वाक्यात नसतं. ज्याला दाद मागायची आहे, त्याला आधी कर्ता शोधावा लागतो.

आमच्या भागातलं आणखी एक उदाहरण सांगतो. शेतकऱ्याने जीव दिला, तर सरकारकडून कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. पण त्याआधी प्रकरण पात्र की अपात्र, हे ठरतं. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा अशी कारणं त्यात तपासली जातात. गावात मात्र त्या घरी गेलेला माणूस एवढंच म्हणतो, "लई वाईट झालं." त्या 'झालं'मध्ये माया आहे. गेलेल्यावर ठपका येऊ नये, मागे राहिलेल्यांना टोचू नये, म्हणून ते 'झालं' असतं. पण त्याच 'झालं'च्या आड भाव पाडणारे, व्याज लावणारे, विम्याचे पैसे अडवणारे सगळे सुखरूप बसलेले असतात. एका शब्दाने दुःखी घराला सावली मिळते आणि त्याच सावलीत दोषीही उभा राहतो. कोण कुठे उभं आहे, हे तो शब्द सांगत नाही.

पप्पांच्या वाक्याचंही तेच झालं होतं. 'शेत विकलं गेलं' यातून पप्पा निघाले, मी निघालो आणि आमच्याबरोबर आत्याही निघून गेल्या. माझ्यावर माया करणाऱ्या वाक्याने त्यांना पुसलं होतं. माझं ऋण झाकलं गेलं एवढंच मी धरून बसलो होतो. ते ऋण नेमकं कुणाचं, हेही त्यात झाकलं गेलं होतं.

*

वाक्यरचनेने खरंच एवढा फरक पडतो का? अमेरिकेत केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या दोन संशोधकांनी २०१०च्या सुमारास यावर प्रयोग केले. एकाच अपघाताची हकिगत लोकांना दोन तऱ्हांनी वाचायला दिली. एकीत 'त्याने फाडलं' अशी रचना, दुसरीत 'फाटलं' अशी. पहिली वाचणाऱ्यांनी त्या माणसाला जास्त दोषी धरलं आणि त्याच्यावर जास्त भरपाई बसवली. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांना आढळलं की, अपघाताने काही घडलं तर स्पॅनिश बोलणारे इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा कर्ता कमी वेळा सांगतात आणि तो कोण होता, हे त्यांच्या लक्षातही कमी राहतं. मुद्दाम केलेल्या कृतीच्या बाबतीत मात्र दोघांत फरक दिसला नाही.

यावरून 'आमची भाषाच तशी' असं म्हणून सुटता येत नाही. इंग्रजीत कर्ता दाखवण्याची सवय जास्त, तरी रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी १९८७मध्ये इराण प्रकरणावर बोलताना गंभीर चुका केल्या गेल्या, अशीच कर्त्याविना बांधणी वापरली. ज्याला लपायचं आहे, त्याला कोणत्याही भाषेत झुडूप सापडतं.

आमच्या धंद्यात याच्या उलट बाजूचाही विचार झाला आहे. 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची एक रीत आहे, म्हणजे दोष न देता केलेली चुकीची उत्तरतपासणी. जॉन ऑलस्पॉ या इंजिनिअरने २०१२ साली तिच्यावर लिहिलं आणि ती जगभर पसरली. माणसाला शिक्षेची भीती असेल तर तो खरं सांगणार नाही, आणि खरं कळलं नाही तर तीच चूक पुन्हा होईल, असं तिचं म्हणणं. मी माझा कर्ताहीन अहवाल याच नावाखाली लिहिला होता. पण ती रीत नीट वाचली तर तिच्यात उलटंच आहे. जो चुकला, त्याने निर्धास्तपणे, बारीकसारीक तपशिलासह सांगायचं आहे की मी काय केलं, तेव्हा मला काय दिसत होतं, मला ते बरोबर का वाटलं. दोष काढायचा आहे, कर्ता नाही. मी दोष तसाच ठेवला आणि कर्ता काढला. दोष मग स्वतःसाठी माणूस शोधत फिरला आणि त्याला तो चार महिन्यांचा मुलगा सापडला.

*

दिवाळीनंतर पुण्याला परत येण्याआधी मी आत्यांकडे गेलो. गंगाखेडच्या पुढे त्यांचं गाव. चहा झाला. मी सरळ विचारलं, "आत्या, ओढ्याकडच्या जमिनीच्या वेळी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलं काय भैय्या, जीप आली घ्यायला. तिथं गेल्यावर अंगठ्याची शाई अन् फोटू. तुझ्या पप्पानं फोटू काढताना पदर सारखा करायला सांगितलं, तेवढंच बोलणं." मग थांबून, "मी नाही म्हणणार होते का? तुझ्या शिक्षणाला तर मी हातातल्या पाटल्यासुद्धा दिल्या असत्या. पण द्यायला आधी कुणी मागावं तर लागतं."

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. कर्ता पुसला की दोष पुसला जातो, हे मला कळलं होतं. कर्ता पुसला की देणंही पुसलं जातं, हे कळलं नव्हतं. आत्या देणाऱ्या ठरू शकल्या असत्या. त्यांनी भाच्याला शिकवलं, असं त्यांना गावात सांगता आलं असतं. 'सही झाली' या वाक्याने त्यांची जमीन नेली, ती तर नेलीच. त्यांच्या हातून जे एक मोठं काम घडलं असतं, तेही नेलं. त्या वाक्यात त्या कर्त्या नव्हत्या. फक्त शाई लागलेला अंगठा होता.

गावी परत येऊन मी पप्पांना हे सांगितलं. भांडायचं ठरवून गेलो होतो, पण भांडण झालं नाही. ते ओट्यावर बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्यानं ईचारवलं नाही रे."

'विचारवलं नाही.' मराठीत हा एक वेगळाच साचा आहे, शक्य क्रियापदाचा. 'बोलवेना', 'चालवत नाही', 'बघवलं नाही'. यात कर्ता आहे, 'माझ्यानं' असा समोर उभा आहे, आणि त्याचं बळ कमी पडलं हेही आहे. 'विकलं गेलं' आणि 'मी विचारलं नाही' या दोहोंच्या मधे कुठेतरी हे वाक्य बसतं. दहा-बारा वर्षांत पप्पांनी त्या जमिनीबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, ज्यात ते स्वतः होते. ते पुरेसं नाही, हे मला माहीत आहे. पण ते खरं होतं, आणि त्यापुढे बोलणं सुरू होऊ शकलं.

आता मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. जे घडलं त्यात कुणाला निवड होती का? नसेल, तर 'उजाडलं'सारखं खुशाल कर्त्याविना बोलावं. दुष्काळ पडला, मन लागत नाही, आठवण येते, यात कर्ता शोधत बसणं हाही एक खोटेपणाच. निवड होती, तर कर्ता पुसल्याने भार कुणावरून उतरतो आणि कुणावर जातो? पप्पांचं वाक्य पहिल्या अर्ध्यात उत्तम होतं, दुसऱ्या अर्ध्यात चुकलं. आणि तिसरा प्रश्न: पुसलेला कर्ता पुन्हा लिहायचा हक्क कुणाचा? माझ्यावरचं ऋण पप्पांनी बोलून दाखवू नये, हे ठीक. पण मग मी ते बोललं पाहिजे. मायेने रिकामी ठेवलेली जागा ज्याच्यासाठी ठेवली, त्यानेच उठून भरायची असते.

इटालियनमधली एक गंमत यापायी माझ्या लक्षात राहिली आहे. 'माणूस थकलेला असतो तेव्हा' हे कर्ता न सांगता म्हणायचं असेल, तर ते म्हणतात 'क्वांदो सी ए स्तांकी'. क्रियापद एकवचनी, पण 'थकलेला' हे विशेषण अनेकवचनी. वाक्य म्हणतं, इथे कुणी नाही. विशेषण हळूच सांगून टाकतं, इथे बरेच जण आहेत आणि सगळे थकलेले आहेत.

मराठीतली गंमत याहून मोठी. भावे प्रयोगात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, ना कर्त्याचं, ना कर्माचं. ते आपलं नपुंसकलिंगी, एकवचनी, एकटं उभं असतं. पण कर्ता वाक्यातच असतो, त्याला कुठेही जाता येत नाही. क्रियापदाने कर्त्याची साथ सोडणं वेगळं आणि कर्त्याने वाक्य सोडून पळणं वेगळं.

पुण्याला आल्यावर मी तो जुना अहवाल उघडला आणि पहिलं वाक्य बदललं: मी पडताळणीची ओळ लिहिली नाही आणि स्क्रिप्ट मी चालवली. त्या मुलाला तो मी स्वतः दाखवला. आत्यांना त्यांच्या वाट्याच्या आजच्या किमतीएवढे पैसे हप्त्याने द्यायचं मी मनाशी ठरवलं आहे. फोनवर त्यांना तसं बोललो, तर म्हणाल्या, "पैशाचं मागून बघू. आधी तुझ्या पप्पाला म्हणावं, एकदा येऊन जा."

पप्पा अजून गेलेले नाहीत. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, कारण माझंही एक वाक्य त्यांच्यासमोर बोलायचं राहिलं आहे. इतकी वर्षं मी त्या जमिनीवर शिकलो आणि मी आत्यांना विचारलं नाही.

शाळेतल्या सरांनी हे वाक्य फळ्यावर लिहून प्रयोग ओळखायला सांगितला असता, तर उत्तर आलं असतं, भावे.